एक वाक्य मागे

कार्तिकी लोंढे माझ्या खोलीत आली तेव्हा सोळा वर्षांची होती. तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या शेडला तिनं आग लावली, असा तिच्यावर आरोप होता. आगीत माल तर गेलाच, पण महादेव गुरव नावाच्या कामगाराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. पोलिसांनी विचारलं तेव्हा कार्तिकी काही बोलली नाही. सरकारनं दिलेल्या वकिलांनी विचारलं तेव्हाही नाही. शाळेच्या जुन्या दाखल्यावर ‘मध्यम बौद्धिक अक्षमता’ असं लिहिलेलं होतं, म्हणून बाल न्याय मंडळानं तिला आमच्याकडे पाठवलं.

मी नसीमा बागवान. जिल्ह्याच्या बोधमापन केंद्रात तंत्रज्ञ होते, अजूनही आहे.

आमचं काम समजायला आधी कायदा समजून घ्यावा लागेल. आपल्यावर कसला आरोप आहे, समोर बसलेली माणसं कोण, आपण बोललो तर पुढे काय होईल, हे ज्या मुलाला कळत नाही त्याची चौकशी करायची नाही, असा नियम आहे. नियम चांगला आहे. अडचण होती ती ठरवायचं कसं याची. एक डॉक्टर म्हणायचे कळतं, दुसरे म्हणायचे नाही, आणि सरकारी वकील म्हणायचे पोर सोंग करतंय. बोधमापक आला आणि हा वाद मिटला.

यंत्र तसं साधं आहे. ‘आई चहात साखर घालते’ हे वाक्य ऐकताना मेंदू स्वस्थ असतो. ‘आई चहात खिडकी घालते’ असं ऐकलं, की ‘खिडकी’ या शब्दापाशी मेंदूला ठेच लागते. साधारण चार दशांश सेकंदात विजेची एक बारीक लहर उठते. ती आपण ठरवून उठवू शकत नाही आणि दाबूही शकत नाही. शब्दाचा अर्थ कळला तरच ठेच लागते, नाही कळला तर दोन्ही वाक्यं सारखीच. मुलाच्या डोक्यावर ही लहर टिपणाऱ्या चौसष्ट टिकल्यांची मऊ टोपी घालायची आणि त्याला दोनशे चाळीस वाक्यं ऐकवायची. ‘न्यायाधीश निकाल देतात.’ ‘न्यायाधीश निकाल पेरतात.’ किती ठिकाणी ठेच लागली ते यंत्र मोजतं आणि शंभरातला एक आकडा देतं. पस्तीसच्या खाली आला तर मूल चौकशीला असमर्थ.

असमर्थ ठरलेल्या मुलाचा खटला थांबतो आणि त्याला निगागृहात ठेवतात. समज येईपर्यंत. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी होते. एकविसावं लागलं की फाइल मोठ्यांच्या निगागृहात जाते.

आठ वर्षं मी हे काम करत होते. माझ्या हातून चारशेच्या वर मुलं गेली होती आणि मी चांगलं काम करते असं मला वाटत होतं.

त्या दिवशी कार्तिकीबरोबर तिची आई सारिका होती. बेदाणा निवडून निवडून तिच्या बोटांची टोकं पिवळट पडलेली. ती दारातूनच म्हणाली, की हिला काही कळत नाही, मॅडमनी तसं लिहून टाकावं. कार्तिकीनं येताना घरून टॉवेल आणला होता, कारण टोपीखाली ओलं जेल लावतात हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. तो तिनं स्वतःच खांद्यावर नीट पसरला. माझं तिकडे लक्ष गेलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. अर्थ लावणं आमचं काम नव्हतं.

सरावाची वाक्यं सुरू केली आणि कानामागची एक टिकली सुटली. मी आवाज बंद केला आणि टिकली बसवायला वाकले. खोलीत शांतता होती. मी जेलची नळी शोधत होते तेवढ्यात कार्तिकी हसली.

“खिडकी,” ती म्हणाली.

मला वाटलं तिला गुदगुल्या झाल्या. मी टिकली बसवली, परीक्षा घेतली. आकडा आला सतरा.

त्या मायलेकी गेल्यावर मी अहवालाचा नमुना उघडला, नाव भरलं, आकडा भरला, आणि सहीच्या जागी येऊन थांबले. ते हसणं मनातून जात नव्हतं. ‘आई चहात खिडकी घालते’ या शेवटच्या वाक्यानंतर दोन सेकंद तरी गेलेले होते. दोन सेकंदांनी माणूस कशाला हसतं?

मी मूळ आलेख उघडला. ज्याला आम्ही कच्ची नोंद म्हणतो आणि जी सहसा कुणी बघत नाही, ती. यंत्र शब्द पडल्यापासून आठ दशांश सेकंदांपर्यंतच बघतं. त्यानंतर जे येतं ते डोळ्यांची उघडझाप, मानेची हालचाल असा कचरा समजून पुसून टाकतं. ही मर्यादा हजारो मुलांना मोजून ठरवलेली होती. ती मुलं शहरातल्या शाळांमधली होती, चटकन समजणारी.

पुसलेला भाग मी परत आणला. कार्तिकीच्या मेंदूत ठेच लागत होती. प्रत्येक चुकीच्या शब्दाला, स्पष्ट, ठसठशीत. पण ती पावणेदोन सेकंदांनी लागत होती. आमच्या दोन वाक्यांमध्ये अंतर होतं सव्वा सेकंदाचं. म्हणजे तिला पहिलं वाक्य कळायचं तेव्हा कानावर दुसरं पडत असायचं. संपूर्ण परीक्षाभर ती पोर एक वाक्य मागे होती, आणि आम्ही तिला एकदाही गाठू दिलं नव्हतं.

डॉ. शेंडगे आमच्या केंद्राचे प्रमुख. मला या कामात त्यांनीच आणलं. टोपी कशी बसवायची इथपासून रडणाऱ्या मुलाशी काय बोलायचं इथपर्यंत सगळं त्यांनी शिकवलं. मी आलेख त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग म्हणाले, की यंत्राला मान्यता आहे ती या मर्यादेसकट आहे. उद्या प्रत्येक तंत्रज्ञ आपापल्या मनानं मर्यादा वाढवायला लागला तर पुन्हा तोच जुना गोंधळ होईल. आपण मोजायचं, अर्थ मंडळानं लावायचा.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी एवढंच विचारलं, की यंत्राच्या तपासणीसाठी मी उद्या एक मोजणी घेऊ का. त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी तीच वाक्यं, पण दोन वाक्यांमध्ये पाच सेकंद अंतर, आणि यंत्राची मर्यादाही तेवढीच वाढवलेली. परीक्षा पाऊण तास चालली. मधे कार्तिकीनं पाणी मागितलं, एकदा बिस्किट. आकडा आला चौसष्ट.

आता मला वाटलं, ही बातमी आईला सांगितली की ती आनंदानं रडेल. व्हरांड्यातल्या बाकावर मी सारिकाजवळ बसले आणि सांगितलं. ती रडली नाही. तिनं पदर घट्ट ओढून घेतला आणि विचारलं, की हे मी अजून कुणाला बोलले का.

वकिलांनी तिला सांगितलं होतं, की असमर्थ ठरली तर गुन्हा शाबीत होत नाही. पोरीला एका चांगल्या जागी ठेवतील, दोन-चार महिन्यांत शिकवून परत पाठवतील. मी तिला विचारलं, परत कधी पाठवतात हे त्यांनी सांगितलं का. तिला ते ठाऊक नव्हतं. मला होतं. निगागृह वाईट नव्हतं. स्वच्छ होतं, जेवण चांगलं, तिथल्या बायका मायेच्या. पण कार्तिकीचं जे होतं तो आजार नव्हता, त्यामुळे तो बरा होऊन आकडा वाढेल असंही नव्हतं. आठ वर्षांत सहा महिन्यांच्या मोजणीत आकडा वाढून बाहेर आलेलं एकही मूल मी बघितलं नव्हतं. उलट चौकशी होऊन दोषी ठरली असती तरी मंडळ तिला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवू शकलं असतं. बहुतेक मुलांना तर समज देऊन घरीच पाठवतात.

 सारिका खाली बघत म्हणाली, “तिला कळतंय, ते मला ठाऊक हाय. मी आई हाय तिची. म्हणून तर भ्या वाटतंय.”

“कशाचं?”

“विचारलं तर ती खरं सांगंल.”

आग कार्तिकीकडूनच लागली होती. हे आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि म्हणून गेले तीन आठवडे ती भेटेल त्याला सांगत होती, की माझ्या पोरीला काही कळत नाही. पोर प्रत्येक वेळी शेजारी उभी राहून ते ऐकत होती.

मी तिच्यावर काही लादू शकत नव्हते. मी फक्त म्हणाले, की मी जे बघितलं ते मला न बघितल्यासारखं करता येणार नाही, पण मंडळाला लिहायच्या आधी तिच्या कानावर घालणं मला गरजेचं वाटलं. ती उठली. कार्तिकी गेटपाशी उभी होती. सारिका तिच्याकडे गेली, तिच्याशी काहीतरी बोलली आणि उत्तराची वाट बघत थांबली. इतक्या लांबून मला शब्द ऐकू आले नाहीत. थोड्या वेळानं कार्तिकीनं मान डोलावली. सारिका परत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, लिहा.

मी सतराचा अहवाल नियमाप्रमाणे पाठवला आणि त्याला माझ्या नावानं एक पानाची टीप जोडली, आलेखासकट. त्याच आठवड्यात वरिष्ठ कार्यालयातून मला पत्र आलं, की चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये. कार्तिकीलाही आकड्याप्रमाणे निगागृहात पाठवलं. माझ्या टिपेवर सुनावणी होईपर्यंत सात आठवडे गेले. सारिका दर रविवारी तिला भेटायला जायची आणि येताना माझ्या दारात दोन मिनिटं थांबायची. मी तिच्या मुलीला आत पाठवलं असं तिनं म्हणायला हवं होतं. ती म्हणायची, आज तिनं भाकरी खाल्ली, आज तिनं तुमचं नाव घेतलं.

सुनावणीच्या दिवशी मी एकटीच जाणार असं धरून चालले होते. मंडळाच्या दाराशी डॉ. शेंडगे उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. माझ्याशी ते फार बोलले नाहीत. आत गेल्यावर त्यांनी शपथ घेऊन सांगितलं, की नोंद खरी आहे, ती त्यांनी स्वतः तपासली आहे, आणि यंत्राची वेळमर्यादा ठरवताना अशी मुलं मोजलीच गेली नव्हती. मर्यादा ठरवणाऱ्या समितीत आपणही होतो, हेही त्यांनी सांगितलं.  आजही त्यांचा विषय निघाला की मला ती दाराशी उभी असलेली आकृती आठवते आणि बरं वाटतं.

मंडळाच्या प्रमुख न्यायाधीश कुंदा थोरवडे. त्यांनी आलेख बघितला, मग म्हणाल्या, की यंत्रानं दोनदा दोन उत्तरं दिली आहेत, तेव्हा आता आपण मुलीलाच विचारू. खोलीत बोलणं आपोआप टिपून घेणारं यंत्र होतं. थोरवडेबाईंनी पहिला प्रश्न विचारला, की कार्तिकी, तू इथे कशासाठी आली आहेस. तीन सेकंद गेले आणि भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: ‘उत्तर नाही.’

बाईंनी पडद्याकडे बघितलं. मग शिपायाला ते यंत्र बंद करायला सांगितलं आणि कारकुनाला वही-पेन घेऊन बसवलं. पुन्हा तोच प्रश्न विचारला. आणि थांबल्या. आम्ही सगळेच थांबलो. एवढी माणसं एका मुलीसाठी गप्प बसलेली मी कधी बघितली नव्हती. पंखा फिरत होता.

“आग,” कार्तिकी म्हणाली. आणि आणखी थोड्या वेळानं, “माझ्याकडून.”

सारिकानं डोळे मिटले.

पुढचं सगळं असंच तुकड्यातुकड्यानं बाहेर आलं. बेदाण्याला रंग येण्यासाठी गंधकाची धुरी देतात. घमेल्यात गंधक पेटवून ते प्लॅस्टिकच्या बंद मांडवात ठेवायचं असतं. त्या दिवशी मांडव फाटका होता आणि धूर निवडणाऱ्या बायकांवर येत होता. सारिकाला दमा आहे. ती खोकून खोकून खाली बसली. कार्तिकीनं ते घमेलं लोखंडी आकडीनं ओढून लांब नेलं, शेडच्या दुसऱ्या टोकाला. तिथं पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती आणि वर हिरवी जाळी होती. महादेव गुरव बेदाणा वाळवायच्या रॅकखाली अडकलेल्या एका बाईला ओढायला धावला आणि जळती जाळी त्याच्या हातांवर पडली.

“लांब नेलं तर काय होईल असं तुला वाटलं?” बाईंनी विचारलं.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. “आईला श्वास.”

महादेव गुरव मागच्या बाकावर बसला होता. पन्नाशीचा माणूस, दोन्ही हातांवर कातडी चकाकत होती, उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती. बाईंनी त्याला काही सांगायचं आहे का असं विचारलं. तो उठून उभा राहिला. तो म्हणाला, की आदल्या दिवशी तो या पोरीला रागावला होता, बेदाणा सांडला म्हणून. दवाखान्यात पडल्यापडल्या त्याच्या मनात तेच यायचं, की तिनं तो राग काढला. मग तो थेट तिच्याकडे वळला.

“एवढंच होतं, तर तवाच सांगायचं न्हाई का गं पोरी?”

आम्ही थांबलो. महादेवही थांबला, उभ्याउभ्या.

“सांगत होते,” कार्तिकी म्हणाली. “तुम्ही सगळे निघून गेलात.”

 कारकुनानं ते वहीत लिहून घेतलं. मग महादेवनं आपले दोन्ही हात पुढे केले, बघ म्हणून नव्हे, लहान लेकराला जवळ बोलावतात तसे. कार्तिकी उठली, त्याच्यापाशी गेली आणि तिनं ते हात, अगदी हळू, उलटसुलट करून बघितले. “दुखतंय?” तिनं विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. ती रडली ती तेव्हा. आगीपासून पहिल्यांदाच रडली, असं सारिका मला नंतर म्हणाली.

मंडळानं निकाल दिला, की कार्तिकी चौकशीला समर्थ आहे, मात्र तिच्याशी बोलताना तिला वेळ दिला पाहिजे. आग तिच्या कृतीनं लागली, पण इजा करण्याचा हेतू नव्हता. तिला समज देऊन आईकडे सोपवण्यात येत आहे. फाटक्या मांडवाची जबाबदारी शेडमालकाची, त्याची वेगळी चौकशी व्हावी. दोषी असा शब्द त्या कागदावर कुठेही नव्हता, पण ‘तिच्या कृतीनं’ हे शब्द होते. थोरवडेबाईंनी ते तिला दोनदा वाचून दाखवले. ऐकून कार्तिकीनं मान डोलावली. तिला हेच कुणाला तरी सांगायचं होतं.

बाहेर आल्यावर सारिका माझे हात धरून उभी राहिली.  मी म्हणाले, आभार माझे नकोत, ती हसली म्हणून मला कळलं. हे मी विनयानं म्हटलं नव्हतं. ती हसली नसती तर मी सही करून घरी गेले असते, आणि जेवून झोपलेही असते.

मला कामावर परत घेतलं. पहिल्या दिवशी मी आठ वर्षांच्या फायली उघडल्या. पस्तीसच्या खाली आलेली एकतीस मुलं होती. त्यांच्या कच्च्या नोंदींतून पुसलेला भाग परत आणायला तीन महिने लागले. डॉ. शेंडगे रोज संध्याकाळी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे. एकतीसपैकी नऊ आलेखांत उशिराची लहर होती. नऊच्या नऊ अहवालांवर माझी सही होती.

त्यांची पुन्हा मोजणी झाली, चौकशा झाल्या. सात मुलं घरी गेली. यंत्राची मर्यादा आता पाच सेकंदांची आहे आणि राज्यभर जुन्या नोंदी तपासणं चालू आहे. पण मला त्या सातही घरांत स्वतः जायचं होतं. सगळ्यांत लांबचं घर आटपाडीच्या पुढे होतं, अंकिता हाकेचं. ती चौदाव्या वर्षी आत गेली होती आणि एकोणिसाव्या वर्षी बाहेर आली. एका दुकानातून तिनं काहीतरी उचललं असा आरोप होता. चौकशीत निघालं, की ते तिनं उचललंच नव्हतं.

तिचे वडील बाबासो अंगणात डाळिंबाच्या फांद्या बांधत होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी घोंगडं अंथरलं, आत पाण्यासाठी हाक दिली आणि म्हणाले, तुमच्यामुळं पोर घरी आली, तुमचे उपकार कसे फेडायचे. मला ते सहन होईना. माफीचं बोलणं मी वाटेत बसमध्ये पाठ केलं होतं, त्यातला एकही शब्द आठवेना.

मी म्हणाले, “तिला आत पाठवणारा अहवाल माझाच होता. सही माझी आहे.”

त्यांनी फांदीची गाठ पुरी केली.

“ठाऊक हाय,” ते म्हणाले. “पाच वर्षं त्योच कागद बघत होतो. नाव तोंडपाठ झालंय.” मग हात झटकत माझ्यासमोर बसले. “सही करणारी माणसं लई बघितली, बाई. केलेली सही माघारी घ्यायला दारात आलेलं कोण बघितलं नव्हतं. म्हणून म्हटलं उपकार.”

अंकिता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. उंच, शांत मुलगी. तिनं तांब्या माझ्या हातात दिला आणि वडिलांकडे बघून विचारलं, की पाहुणी जेवायला आहे का.

बाबासोंनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणाले.